आप्पांची शिकवणी

दुपारचा चहा झाला की आप्पा स्वतःचा कप विसळून पालथा घालत, धोतराच्या सोग्याने चष्मा पुसत आणि वही-पेन्सिल घेऊन मकरंदच्या खोलीत येऊन बसत. कॉटवर नाही, खुर्चीवर, पाठ ताठ ठेवून. भिसेगावातली निम्मी पोरं ज्यांच्याकडून गणित शिकली, ज्यांच्या चपलांचा आवाज आला की गल्लीतला क्रिकेटचा डाव थांबायचा, ते माझे सासरे माझ्यासमोर विद्यार्थ्यासारखे बसत आणि म्हणत, "हं, कर सुरू." मी नववीतून शाळा सोडलेली, वय एकवीस, नवरा, मकरंद, जाऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. मी कॉम्प्युटरमध्ये सीडी सरकवायचे आणि घरात असा काही आवाज सुरू व्हायचा की पलीकडच्या अंगणात झोपलेलं कुत्रं उठून उभं राहायचं.

तो आवाज एका परदेशी बँडचा होता. प्रोग्रेसिव्ह मेटल म्हणतात त्या प्रकाराला. बँडचं नाव मी इथं लिहीत नाही. मला ते आजही नीट म्हणता येत नाही, आणि मी चुकीचं म्हटलं की मकरंद हसायचा, ते हसणं मला आहे तसंच ठेवायचंय. गाणी दहा-दहा, चौदा-चौदा मिनिटांची. सुरुवातीला गिटारीवर कुणीतरी हरवलेलं काही शोधत असल्यासारखं हळू वाजवतो, वाटतं आता डोळा लागेल, आणि तेवढ्यात पत्र्याच्या शेडवर कुणी खडीचा ट्रक ओतावा तसे ड्रम कोसळतात. गाणारा माणूस एका ओळीला घशातून गुरगुरतो आणि पुढच्याच ओळीला आई नसलेल्या मुलासारखा गोड गातो. शब्द इंग्रजी. मला त्यातलं तेव्हाही काही कळत नव्हतं आणि आप्पांना कळत होतं तरी त्यांनी शब्दांबद्दल कधी विचारलं नाही.

मी परभणीकडची. वडील गेल्यावर शाळा सुटली, दादा खालापूरच्या एका कंपनीत लागला, त्याला भाकरी करून घालायला म्हणून मी कर्जतला आले आणि वर्षाच्या आत मीही त्याच कंपनीत प्लॅस्टिकची झाकणं खोक्यात भरायला लागले. मकरंद तिथं मेंटेनन्सला, इलेक्ट्रिशियन. कंपनीच्या बसमध्ये तो भिसेगावला चढायचा. एक दिवस शेजारी जागा होती म्हणून बसला आणि काही न विचारता कानातली एक वायर काढून माझ्यापुढे धरली. चौक गाव येईपर्यंत मी ऐकलं.

"आवडलं?"

"नाही."

"पहिल्यांदा कुणालाच नाही आवडत. उद्या फक्त ड्रम ऐक. बाकीच्यांकडे लक्षच द्यायचं नाही. अनोळखी लग्नात गेल्यावर आपण कसं फक्त आपल्या ओळखीच्या माणसाकडे बघत राहतो, तसं."

त्याच्याकडे त्या बँडच्या नऊ सीड्या होत्या. त्यांच्यावर त्याने मार्करने एक ते नऊ आकडे घातले होते, आणि ते आकडे सीड्या निघाल्या त्या क्रमाने नव्हते, माझ्यासारख्या अडाण्याने कुठून सुरुवात करावी त्या क्रमाने होते. प्रत्येक सीडी आधी नुसत्या ड्रमसाठी ऐकायची, मग नुसत्या गिटारीसाठी, मग सगळी मिळून. तिच्यातलं काहीतरी भांडी घासताना आपोआप तोंडात येईपर्यंत पुढची मिळणार नाही. आमचं लग्न पहिल्या आणि दुसऱ्या सीडीच्या मध्ये झालं. आप्पांनी मला पहिल्या भेटीत एवढंच विचारलं होतं, "कितवी झालीस?" मी म्हटलं, नववी. "पास?" पास. "मग ठीक आहे." मी आत जाऊन रडले, कारण मला वाटलं ते रागावलेत. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, पाठीवर हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, त्यांचं ठीक आहे म्हणजे पेढे वाटल्यासारखं असतं." त्या घरात आमटीत गूळ पडायचा, वालाचं बिरडं व्हायचं, भाकरी तांदळाची, पांढरी आणि मऊ. मला ती घशाखाली उतरायची नाही. मी तसं कुणाला बोलले नव्हते. पण पंधरा दिवसांनी आप्पा बाजारातून ज्वारीचं पीठ घेऊन आले आणि ओट्यावर ठेवून निघून गेले. अजूनही भाकरी थापताना मला त्या पिशवीची गाठ आठवते. ती सोडायला मला फार वेळ लागला होता.

तिसरी सीडी चालू असताना मकरंद गेला. चौकच्या वळणावर रस्त्यात वाळू सांडलेली होती, मोटारसायकल घसरली. त्याबद्दल मी याहून जास्त लिहिणार नाही.

दहाव्याला आप्पा आणि त्यांचे धाकटे भाऊ सुधाकरकाका गुरुजींना घेऊन उल्हास नदीच्या काठी गेले. आम्ही बायका घरी. पिंडाला कावळा शिवेपर्यंत तिथं थांबायचं असतं. नाही शिवला तर गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते आठवायचं आणि त्याला शब्द द्यायचा. ऊन डोक्यावर आलं तरी कुणी परत येईना. आई दारातच बसून होत्या, दर थोड्या वेळाने म्हणायच्या, "अडकलंय गं पोर." शेवटी आप्पा एकटेच आले. काका परस्पर स्टेशनवर गेले होते. आप्पांनी पाय धुतले आणि आईंना म्हणाले, "शिवला."

"कशावर?"

"तुला सांभाळेन म्हटलं, नाही आला. सुमनला अंतर देणार नाही म्हटलं, नाही आला. मग म्हटलं, तुझी गाणी ऐकेन. सगळी. तेव्हा आला."

आईंनी पदर तोंडाला लावला आणि दहा दिवसांत पहिल्यांदा मोकळं रडल्या. मी भिंतीला टेकून उभी होते. लाज वाटते लिहायला, पण मला त्या वेळी दुःख झालं ते वेगळंच. माझं नाव घेतल्यावर तो आला नव्हता. त्या गुरगुरणाऱ्या माणसाच्या नावावर आला होता. त्या बँडचा मला एवढा मत्सर वाटला की मी दोन दिवस त्या खोलीत झोपले नाही.

तेरावा उरकला, पाहुणे गेले, आणि मी माझी बॅग कधी भरायची याचा विचार करत होते. आता मला तिथं ठेवायचं काही कारण उरलेलं नव्हतं. कुणी जा म्हटलं नव्हतं, पण मी लहानपणापासून अशी आहे, कुणी जा म्हणायच्या आत माझे कान ते ऐकायला लागतात. तेव्हा आप्पा दारात येऊन उभे राहिले. "सुमन, मला यातलं काही कळत नाही. कुठून सुरुवात करायची?"

मी म्हटलं, "आधी फक्त ड्रम ऐकायचे."

पहिल्या आठवड्यात फार वाईट झालं. आप्पा कपाळाला आठ्या घालून ऐकायचे आणि सीडी संपली की दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून थोडा वेळ तसेच बसायचे, एखाद्याचं दुखणं बघून आल्यासारखे. आई मागच्या अंगणात जाऊन बसायच्या. कोंडाण्याहून रानभाजी घेऊन यमुनाबाई यायची, ठाकरवाडीतली, तिने फाटकातूनच विचारलं, "काय गं सुमन, तुमच्या घरात मोडतोड चालू हाय का कुनाला झपाटलंय?"

मी म्हटलं, "आप्पा गाणी ऐकतायत."

"मास्तर?" तिने टोपली खाली ठेवली आणि नीट कान दिला. "यात गानारा कोन हाय?"

"तो ओरडतोय ना, तोच."

"नाय गं बाई, तो गात नाय, त्याचं कायतरी दुकतंय." आणि कुर्डूची जुडी माझ्या हातात ठेवून म्हणाली, "मास्तरांना सांग, यमुनीला बी बरं वाटलं ऐकून. आपल्यापरीस कोनीतरी जास्त वरडतोय."

हे मी आप्पांना सांगितलं तेव्हा त्यांच्या ओठाचा एक कोपरा हलला. मकरंद गेल्यापासूनचं ते पहिलं हसू.

खरी गंमत, म्हणजे गंमत म्हणवत नाही, ती वहीमुळे झाली. आप्पांना नुसतं ऐकत बसणं जमेना म्हणून ते मोजायला लागले. बोटांच्या पेरांवर, मग कागदावर. दुसऱ्या की तिसऱ्या दिवशी म्हणाले, "हे चारचं नाही." मला ते आधीच माहीत होतं, मकरंदने बसमध्ये शिकवलं होतं, पण मी गप्प राहिले. त्यांनी परत लावायला सांगितलं. "सात आहेत. सातव्या ठोक्याला तो थांबत नाही, लगेच एकावर येतो, म्हणून आपण अडखळतो." मग रोज ते शोधत. हे अकराचं. हे पाच आणि सहा, पाच आणि सहा. इथे एक कमी केला, लबाड आहे. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजू आकड्यांनी भरल्या. आमच्याकडे येणारी शिकवणीची मुलं दारातून डोकावून बघायची, सर डोळे मिटून गुडघ्यावर टिचक्या मारतायत आणि आतून खडी कोसळतेय.

तिसऱ्या सीडीवर एक लांबलचक गाणं होतं, त्याच्या मध्यावर शब्द थांबतात आणि नुसतं वाजत राहतं. ते आप्पांनी सहा वेळा लावायला लावलं. सहाव्या वेळी पेन्सिल खाली ठेवली. "गिटार सातात चाललीय आणि ड्रम चारात. दोघं वेगवेगळे चाललेत, एकमेकांना सोडून. पण बघ, अठ्ठावीस ठोके झाले की दोघांचा एक एकत्र पडतो. सात आणि चारचा लसावि."

मी म्हटलं, "तिथंच तो माझा हात दाबायचा."

"कोण?"

"मकरंद. बसमध्ये. हे गाणं लागलं की दर थोड्या वेळाने हात दाबायचा. मला वाटायचं उगीच." मग मी बोटावर मोजलं आणि दाखवलं, इथे, आणि मग इथे. एकदाही चुकत नसे तो.

आप्पांनी तेच स्वतःच्या पेरांवर पुन्हा मोजलं. मग म्हणाले, "पाचवीत त्याला लसावि येत नव्हता म्हणून मी पट्टीने मारलं होतं. डिप्लोमाला गणितात राहिला तेव्हा सहा महिने बोललो नाही त्याच्याशी. जेवताना ताटावर चमच्याने वाजवायचा, मी हात धरून बंद करायचो. कधी मोजलं नाही मी, तो काय वाजवतोय." ते उठले नाहीत, रडलेही नाहीत. वहीतलं ते पान त्यांनी फाडलं, घडी केली आणि सदऱ्याच्या खिशात ठेवलं. आत आई तांदूळ निवडत होत्या. त्यांच्या सुपाचा आवाज थांबला, आणि थोड्या वेळाने पुन्हा सुरू झाला.

चौथ्या सीडीपासून मी स्वतःच नवशिकी होते. मकरंदने मला तिसरीपर्यंतच आणून सोडलं होतं. पण आप्पांना ते सांगायचं धाडस झालं नाही. शिकवणाऱ्यालाच येत नाही म्हटल्यावर शिकवणी कशाला ठेवतील, असं वाटलं. म्हणून ते वाचनालयात गेले की मी आवाज बारीक करून पुढची सीडी ऐकून ठेवायचे आणि चार वाजता मोठ्या जाणत्यासारखी सांगायचे, "यात आधी गिटारीकडे लक्ष द्या."

सातवी चालू असताना दादा आला. तो तोपर्यंत काम सोडून गावी गेला होता. गावाकडे माझ्यासाठी एक स्थळ होतं, बायको वारलेला माणूस, दोन लहान मुलं. दादा वाईट माणूस नव्हता, त्याला माझी काळजी होती. म्हणाला, "बाई, चल आता. परक्याच्या घरी किती दिवस राहतीस?" मी आप्पांकडे बघितलं नाही, जमिनीकडे बघत राहिले. आप्पा दादाला म्हणाले, "तिचं इथे एक काम चालू आहे. माझी शिकवणी. ती पुरी झाली की मी स्वतः आणून सोडेन."

दादा गेला. त्या दिवसापासून मला कळलं की नववी सीडी संपली की मी जाणार. आणि मला जायचं नव्हतं. जगात मला ज्वारीचं पीठ आणून देणारी तेवढी दोनच माणसं होती.

म्हणून मी जे केलं ते केलं. आठवी दोन महिने पुरवली. मग नववी तिच्या कव्हरातून काढून तांदळाच्या डब्यात खोल खुपसून ठेवली आणि तिच्या कव्हरात दुसरी घातली. मनात म्हटलं, आप्पांना सगळं सारखंच वाटत असेल. गाणं सुरू झालं. आप्पांची पेन्सिल थोडी हलली आणि थांबली. दारात बसलेल्या आई म्हणाल्या, "हे मागे ऐकलंय की गं आपण. पावसाळ्यात. कुर्डूची भाजी केली होती तेव्हा."

आप्पा मान वर न करता म्हणाले, "तुला सगळी सारखीच वाटतात."

आणि त्यांनी वहीत नवीन पानावर तारीख घालून पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली. सात. सात. सात. ज्या माणसाने ते गाणं आठ महिन्यांपूर्वी पेरापेराने सोडवलं होतं, त्याने ते माझ्यासमोर पुन्हा अडखळत सोडवलं. तसं पुढे तीन महिने चाललं. मी जुन्या सीड्या आलटून पालटून लावत राहिले, आणि ते रोज चार वाजता येऊन "हं, कर सुरू" म्हणत राहिले. आम्ही दोघं एकमेकांना फसवत होतो आणि दोघांनाही ते माहीत होतं. आयुष्यात मी त्याहून सुखाचे दिवस बघितले नाहीत, असं म्हटलं तर माझ्या आताच्या घरातली माणसं दुखावतील, पण ते खरं आहे.

दादाचं दुसरं पत्र आलं. स्थळ थांबायला तयार नव्हतं. आप्पांनी ते वाचून घडी केलं. त्या दिवशी चार वाजता वही न घेता आले आणि म्हणाले, "सुमन, तुझं वय बावीस आहे. मी म्हातारा माणूस, स्वतःच्या सोयीसाठी तुला किती दिवस अडकवून ठेवू? नववी आण."

मी डब्यातून सीडी काढली. तांदळाला बोरिक पावडर लावलेली होती, आईंनी दर महिन्याला डबा हलवून वरखाली केलेला होता. सीडीची पाठ चरे पडून पांढुरकी झाली होती. मी ती ओढणीने पुसली, पुन्हा पुसली, लावली. गिटारीचे दोन सूर आले आणि मग ती एका जागी अडकली. ठक ठक ठक. मी काढून पाण्याने धुतली, परत लावली. दुसरं गाणं, तिसरं गाणं, सगळीकडे तेच. मग मी जमिनीवर बसले. कावळ्याला दिलेला शब्द माझ्यामुळे मोडला होता. सगळी ऐकेन, असं म्हटलं होतं आप्पांनी. मी त्यांच्या पायाला हात लावून काय काय बोलले ते आठवत नाही, पण मकरंद आता कायमचा अडकला, असं काहीतरी म्हणत होते एवढं आठवतं.

आप्पा खुर्चीवरून उतरून माझ्याशेजारी जमिनीवर बसले. गुडघे दुखायचे त्यांचे, वेळ लागला. "ऐक," म्हणाले. "कावळा शिवलाच नव्हता. दोन वाजेपर्यंत वाट बघितली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि तो शिववला. मी कुणाला काही शब्द दिला नाही. घरी येताना वाटलं, तुझ्या सासूला हे कसं सांगू. आणि तू तर तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी बॅग भरली असतीस. तुला थांबवायला काहीतरी काम द्यायला हवं होतं. म्हणून बोललो. तू काहीही मोडलेलं नाहीस."

मी विचारलं, "खरं?"

"मी खोटं बोलतो का?"

ते कधीच बोलत नसत. भिसेगावात कुणीही सांगेल. पण त्यांनी एकदा नदीवरून येऊन एक सांगितलं होतं आणि आता दुसरं सांगत होते. दोन्हींतलं एक खोटं होतं, आणि जे कुठलं होतं ते माझ्यासाठी होतं.

आठ दिवसांनी आप्पा मला परभणीला सोडून आले. आईंनी तांदळाच्या पिठाचे लाडू दिले होते, आणि जाताना एवढंच म्हणाल्या की घरात आता फारच शांत होईल. ते स्थळ झालं. माणूस चांगला निघाला, त्याची मुलं माझी झाली, पुढे नोकरीमागे आम्ही इथं बेल्लारीला आलो आणि इथंच राहिलो. आता पन्नाशी जवळ आलीय. मुलगा म्हणतो त्या बँडची सगळी गाणी मोबाइलवर आहेत, त्यात ती नववीही असेल. असेल.

आप्पा गेले तेव्हा मी भिसेगावला गेले. आई मला बिलगून रडल्या, आणि मी त्या घराची कुणी नसताना कुणी हे विचारलं नाही की ही कोण. दहाव्याला पुरुष मंडळी नदीवर गेली आणि अर्ध्या तासात परत आली. सुधाकरकाका ओसरीवर माझ्याशेजारी येऊन बसले. पार थकलेले, ऐंशीच्या पुढचे. म्हणाले, "आमच्या दादाला, तुझ्या आप्पांना, लगेच शिवला हो. ठेवतोय तोवर शिवला." मग नदीच्या दिशेला बघत म्हणाले, "मकरंदच्या वेळी…"

मी उठले. म्हटलं, "काका, चहा टाकलाय मी, उतू जाईल," आणि आत गेले. शेगडी पेटवलेलीसुद्धा नव्हती.